दारूचे शिंग : एका विस्मृत हस्तकलेचा परिचय

बंदुकीचा इतिहास सांगताना नळी, चाप आणि गोळी यांचे वर्णन सविस्तर केले जाते. परंतु ज्या दारूवर ती बंदूक चालत असे, ती दारू शिपाई वा शिकारी कशात बाळगीत असे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागे. दारू सर्दावली की बंदूक म्हणजे एक जड दांडके तेवढे हाती उरे. सोरा, कोळसा आणि गंधक यांचे हे मिश्रण ओलाव्यापासून आणि ठिणगीपासून जपणे हा म्हणूनच जीवनमरणाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर गोठ्यातील जनावराच्या शिंगात सापडले.

शिंगच का?

नखे आणि केस ज्या केराटिन नावाच्या द्रव्याचे बनतात, त्याचेच शिंगाचे बाह्य आवरण असते. त्यातून पाणी सहजी झिरपत नाही, त्यावर घाव बसला तरी ठिणगी उडत नाही आणि ते हातातून पडले तरी मातीच्या भांड्यासारखे फुटत नाही. शिंग बुडाशी रुंद व पोकळ, तर टोकाशी निमुळते व भरीव असते. म्हणजे नरसाळे निसर्गानेच तयार करून ठेवलेले! शिवाय तासून पातळ केलेले शिंग उजेडात धरले की आत दारू किती उरली, हेही दिसते.

युरोपात शिंगकामाची परंपरा जुनी आहे. लंडन येथील शिंगकारागिरांच्या संघाचा उल्लेख १२८४ पासून आढळतो आणि त्याला १६३८ मध्ये राजसनद मिळाली. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील वसाहतींत या कलेला विशेष बहर आला. तेथील शेतकरी बैल बाळगीत, शिकार करीत आणि प्रसंगी पलटणीतही जात. त्यामुळे दारूचे शिंग घरोघर दिसू लागले.

घडविण्याची रीत

प्रथम चीर नसलेले, अंगालगत बसेल अशा वळणाचे शिंग निवडतात. आतील हाडाचा गाभा भिजवून किंवा उकळून सैल करून काढून टाकतात. नंतर पोकळी कोठे संपते हे पाहण्यासाठी आत तार सरकवितात आणि तीच लांबी बाहेरून मोजून खूण करतात. ही पायरी महत्त्वाची आहे. कारण टोक कापून पाडावयाचे भोक नेमके पोकळीलाच मिळाले पाहिजे. अंदाज चुकला तर भोक शिंगाच्या बाजूने बाहेर पडते आणि सारे श्रम वाया जातात.

उष्णतेने शिंग मऊ होते, हा त्याचा दुसरा मोठा गुण होय. उकळत्या पाण्यातून काढताच बुडाच्या तोंडात निमुळता लाकडी ठोकळा दाबून बसवितात. गार झाल्यावर तोंड वाटोळे होऊन तसेच राहते. त्यात लाकडाचे बूड घट्ट बसवून सांध्यात मेण भरतात आणि कडेने लाकडी खुंट्या किंवा पितळी चुका मारतात. नंतर चाकूच्या धारेने वा काचेच्या तुकड्याने शिंग तासतात. मानेजवळ पट्ट्यासाठी खाच ठेवतात आणि टोकाच्या भोकात कठीण लाकडाची गुडदी बसवितात. शेवटी टोकातून फुंकून पाहतात. जेथून हवा निसटते तेथून ओलावाही शिरणार, हे उघड आहे.

शिंगातील दारू थेट नळीत ओतावयाची नाही, हा नियम आजही कसोशीने पाळला जातो. आधीच्या बारातील एखादी ठिणगी नळीत धुमसत असली, तर सारे शिंग हातातच पेट घेईल. म्हणून दारू आधी लहान मापात घेऊन मगच नळीत घालतात.

शिंगावरील इतिहास

छावणीतील रिकाम्या वेळी शिपाई चाकूच्या टोकाने शिंगावर अक्षरे कोरीत आणि रेघांत काजळी भरीत. आपले नाव, साल, किल्ल्याचे नाव, कधी नद्या व वाटांचा नकाशाही ते काढीत. १७५४ ते १७६३ या काळातील इंग्रज-फ्रेंच युद्धातील अशी अनेक शिंगे संग्रहालयांत जतन केलेली आहेत. ज्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात आले नसते, अशा सामान्य माणसांची ही स्वहस्ते लिहिलेली नोंद होय. एकोणिसाव्या शतकात धातूची काडतुसे आली आणि शिंगाचे काम संपले. परंतु १९३३ मध्ये अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि त्या हौशी मंडळींमुळे ही कला टिकून राहिली.

आपल्याकडील संदर्भ

भारतातही दारूसाठी शिंग, हस्तिदंत आणि शिंपले यांची नक्षीदार पात्रे वापरात होती. कोकणात विजयदुर्ग येथे गव्याच्या शिंगापासून शोभिवंत वस्तू घडविणारे कारागीर एकोणिसाव्या शतकात होते. आज गव्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. त्यामुळे त्याच्या शिंगाचा व्यापार करता येत नाही. पाळीव म्हशीच्या शिंगापासून मात्र फण्या, गुंड्या व शोभेच्या वस्तू आजही बनतात. उत्तर प्रदेशातील संभल हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. शिंग घडविणे ही हस्तकला होय. त्यात दारू भरणे ही मात्र शस्त्रे व स्फोटके यांविषयीच्या कायद्यांची बाब आहे, हे विसरून चालणार नाही.

कोकणातील काही घरांत ठासणीची जुनी बंदूक आणि तिच्यासोबतचे शिंग अद्याप आढळण्याचा संभव आहे. असे शिंग भंगारात टाकू नये. त्यात जुनी दारू असण्याची शक्यता गृहीत धरून ते उघडण्याचा, तापविण्याचा वा खरवडण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम पोलीस ठाण्यास कळवावे. रिकामे असल्याची खात्री झालेले शिंग कोरड्या जागी ठेवावे आणि कसरीपासून जपावे, कारण हे किडे शिंग पोखरतात. शिक्षकांनी गावातील अशा वस्तूंची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतली, तर वस्तू घडविणाऱ्या हातांचा इतिहासही मुलांच्या परिचयाचा होईल.