कामांचा क्रम एका रात्रीत का बदलत नाहीत?

प्रश्न : आमच्या बँकेच्या मेनफ्रेमवर कोणते काम आधी, कोणते नंतर हे ठरवणारी व्यवस्था आहे. तिचे नियम बदलायला आमची तंत्रज्ञ मंडळी महिनेच्या महिने घेतात. एक आज्ञा देऊन भागत नाही का?

उत्तर : आज्ञा खरोखर एका ओळीचीच असते. वेळ जातो तो त्याआधी.

मुळात या व्यवस्थेने मशीन वेगवान होते, हा समज काढून टाका. प्रोसेसर तेवढाच राहतो. कोणी थांबायचे एवढेच ठरते. मशीनवर ताण नसेल तेव्हा नियम चुकलेले असले तरी कळत नाही. कळते ते महिनाअखेरीला.

आयबीएमच्या झेड/ओएसमधला 'वर्कलोड मॅनेजर' घ्या. त्यात कामांचे वर्ग पाडतात आणि प्रत्येक वर्गाला उद्दिष्ट देतात, उदाहरणार्थ 90 टक्के व्यवहार अर्ध्या सेकंदात. सोबत 1 ते 5 असे महत्त्व. साधारण दर 10 सेकंदांनी ही प्रणाली प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला उद्दिष्टाने भागते. उत्तर 1 पेक्षा जास्त आले की तो वर्ग मागे पडला. मग इतरांच्या वाट्याचे काढून त्याला दिले जाते.

गोम इथेच आहे. उद्दिष्ट फार सैल ठेवले, तर महत्त्वाचा वर्गही 'मजेत आहे' असे दिसते आणि त्याच्याच ताटातले उचलले जाते. फार कडक ठेवले, तर तो बाकीच्यांना उपाशी ठेवतो. शिवाय मोबाइल ॲपकडून डेटाबेसला येणाऱ्या विनंत्या कोणत्याच वर्गात घालायच्या राहून गेल्या, तर त्या 'सिसअदर' नावाच्या वर्गात पडतात. तिथे उद्दिष्टच नसते. सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते मिळते. म्हणून आधी वर्गवारी, मग नुसते मोजमाप, मग आज जेवढा वेळ लागतो त्याच्या आसपासचे उद्दिष्ट, आणि एकेक वर्ग हळूहळू आवळत जाणे, असा क्रम शहाणपणाचा. मध्ये निदान एक महिनाअखेर जायलाच हवी.

खुद्द आयबीएमनेही घाई केली नव्हती. 1994 मध्ये ही व्यवस्था आली तेव्हा जुनी पद्धतही चालू ठेवली होती. मशीन बंद न करता एका आज्ञेने मागे फिरता येई. ही सोय 2002 मध्ये, झेड/ओएसच्या 1.3 आवृत्तीत काढली.

तेव्हा तंत्रज्ञ तुमच्या विभागाकडे कामांची यादी मागायला आले, तर कृपा करून 'सगळेच तातडीचे' असे लिहून देऊ नका.