बुलेटसारखी बंदूक सजवता येईल का?

प्रश्न : माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. त्यानं लिव्हर ॲक्शनची नवी कोरी रायफल घेतली आणि तिला मोठ्या कड्याचा लिव्हर, नव्या साइट्स, चामड्याचा पट्टा असं काय काय लावून फोटो पाठवले. लहानपणी काऊबॉयचे पिक्चर बघितल्यापासून ती बंदूक माझ्या डोक्यात बसली आहे. आमच्या घरी आजोबांच्या वेळची बारा बोअर आहे, परवाना वडिलांच्या नावावर. आता मला लिव्हर ॲक्शन घ्यायची आहे, तीही नवी. सजवायचं काम उद्यमनगरातला मित्र लेथवर करून देतो म्हणतो. मोठं कडं भाचा कुरिअरनं पाठवणार आहे. कोल्हापुरात हे जमेल का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आधी निकाल सांगतो, मग कारणं. नवी मिळणं जवळपास अशक्य. जुनी एखादी मिळेल, पण तिच्यासाठी काडतुसं शोधता शोधता म्हातारे व्हाल. आणि उद्यमनगरातल्या मित्राला या भानगडीपासून चार हात लांब ठेवा, नाहीतर तुमच्याबरोबर तोही आत जाईल.

ती बंदूक तुमच्या डोक्यात का बसली, ते मला कळतं. मी ती एकदाच हातात धरली आहे, भुदरगड तालुक्यातल्या एका घरी, खंडेनवमीला. पाटावर तलवार, दोन भाले, एक कोयता आणि शेजारी झेंडूची माळ घातलेली जुनी विंचेस्टर. रिकामी असल्याची खात्री मालकांनी दोनदा केली आणि मग ती माझ्या हातात दिली. चापाच्या मागे दस्त्याला लागून लोखंडी कडं असतं, तोच लिव्हर. उजव्या हाताची तीन बोटं मुळात त्याच्यातच असतात. ती खाली आणि पुढे ढकलली की बोल्ट मागे सरकतो, उडालेल्या काडतुसाचं पितळ बाहेर पडतं, मागचा घोडा चढतो आणि पुढचं काडतूस एका छोट्या पाळण्यात बसून वर येतं. कडं परत ओढलं की ते नळीत जातं. खटक्‌-खट्. दस्ता खांद्यावरून हलत नाही, डोळा निशाण्यावरून हलत नाही. खोटं कशाला बोलू, मी ते कडं पाच-सहा वेळा उगाचच वर-खाली केलं. शेवटी मालकांनी हात पुढे करून बंदूक काढून घेतली.

या बंदुकीची काडतुसं बहुधा नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात. एकाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे नेमकं जिथे ठिणगी पडते तिथे टेकतं. टोकदार गोळी असेल तर धक्क्यानं आतल्या आत बार उडण्याची भीती. म्हणून लिव्हर ॲक्शनच्या गोळ्या पिढ्यान्‌पिढ्या चपट्या नाकाच्या राहिल्या. अलीकडे मऊ प्लॅस्टिकच्या टोकाच्या निघाल्या आहेत, त्या भाच्याकडे असतील.

१८६० ची हेन्री, १८७३ ची विंचेस्टर आणि जॉन ब्राउनिंगनं आखलेली १८९४ ची विंचेस्टर ही या घराण्यातली मोठी नावं. १८९४ चं मॉडेल एकट्यानं ७० लाखांच्या वर खपलं. २००६ मध्ये त्यांचा न्यू हेवनचा कारखाना बंद पडला आणि आज विंचेस्टर नावाच्या लिव्हर ॲक्शन जपानमध्ये मिरोकू कंपनीत तयार होतात. कोल्हापुरी चप्पल कानपूरला शिवली जाते, त्यातलाच प्रकार. आणि ते मोठं कडं जॉन वेननं १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये बंदूक गरागरा फिरवण्यासाठी लावलं होतं. हातमोजे घालून चालवायला बरं पडतं असं विकणारे सांगतात. मला विचाराल तर ते बुलेटला लावलेल्या उंच हँडलसारखं आहे, फोटोत छान दिसतं.

आपल्याकडे ही बंदूक कधी फार रुजली नाही. साहेबी शिकाऱ्यांना दुनळी किंवा माउझर पद्धतीची बोल्ट ॲक्शन आवडायची. जिम कॉर्बेटची प्रसिद्ध .२७५ रिग्बी बोल्टचीच. ठळक अपवाद एक, बंगळूरचे केनेथ अँडरसन. दक्षिणेतल्या नरभक्षकांच्या कथा लिहिणाऱ्या या गृहस्थांची लाडकी रायफल .४०५ विंचेस्टर, मॉडेल १८९५, लिव्हरची. त्या मॉडेलला नळकांडं नव्हतं, पोटाखाली पेटी होती, त्यामुळे टोकदार गोळ्याही चालायच्या. म्हणूनच पहिल्या महायुद्धात रशियाच्या झारनं त्या जवळपास तीन लाख विकत घेतल्या.

आता कायदा. आपल्या जिल्ह्याला पोलीस आयुक्त नाहीत, म्हणून शस्त्र परवाना जिल्हाधिकारी देतात आणि त्याआधी पोलिसांचा अहवाल जातो. शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे. वय २१ पूर्ण हवं, हत्यार चालवण्याचं आणि सांभाळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा, आणि बंदूक का हवी याचं पटणारं कारण हवं. ‘पिक्चरमध्ये बघितली’ हे कारण त्या टेबलावर चालत नाही. पूर्वी एका परवान्यावर तीन हत्यारं ठेवता यायची, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच. वडिलांची बारा बोअर तुमच्या हिशेबात धरली जाणार नाही, पण ती तुमचीही नाही हे लक्षात असू द्या. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याची. वडिलांनी सत्तरी गाठली असेल किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली असतील, तर वारसाच्या नावावर करून देण्याची सोय नियमांत आहे. ते काम आधी करा. लोक मयतानंतर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून मग धावपळ करत बसतात.

समजा, परवाना मिळाला. दुकानात जाऊन लिव्हर ॲक्शन मागितलीत तर दुकानदार हसेल आणि बोल्ट ॲक्शन पुढे करेल. सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरला होते, .३०-०६ सुद्धा तिथलीच, आणि दोन्ही बोल्टच्या. परदेशातून मागवायची म्हणाल तर सर्वसामान्य परवानाधारकाला आयातीचा दरवाजा १९८० च्या दशकापासून बंद आहे. तो उघडतो नामांकित नेमबाजांसाठी, तेही खेळाच्या हत्यारांपुरता. परदेशात मुक्काम करून कायमचं घरी परतणाऱ्याला स्वतःची, किमान वर्षभर वापरलेली एक बंदूक परवाना आणि शुल्क भरून आणता येते. पण ती त्याची, मामाला भेट द्यायची नव्हे.

राहिली जुनी. स्वातंत्र्यापूर्वी आलेल्या विंचेस्टर अजून काही घरांत आहेत. परवानाधारकाकडून परवानाधारकानं घ्यायची तर विकणाऱ्यानं आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. घेताना बोअर नीट बघा. मॉडेल १८९५ काही .३०३ मध्येही निघाली होती. .३०३ हे लष्करी बोअर, आपल्याकडे निषिद्ध. दिसायला तीच बंदूक, पण .४०५ असेल तर साध्या परवान्यावर चालते आणि .३०३ असेल तर थेट गुन्हा. आणि चालते म्हणजे भिंतीवर चालते. पुण्याच्या खडकीची बारा बोअरची काडतुसं देशभर मिळतात, .४०५ ची कोण बनवणार? भुदरगडच्या त्या विंचेस्टरनं शेवटचा बार कधी काढला, ते मालकांनाही आठवत नव्हतं.

आणि बार काढणार कशावर? दाजीपूरचं जंगल एके काळी करवीरच्या महाराजांचं शिकारीचं रान होतं, १९५८ पासून ते अभयारण्य आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीची उरलीसुरली वाटही बुजवली. गवे हल्ली शहराच्या वेशीपर्यंत येतात खरे, पण ते पहिल्या अनुसूचीतले पाहुणे आहेत. शेतात शिरलेल्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते.

आता तुमचा खरा प्रश्न, सजवण्याचा. कोल्हापूरकराला कुठलीही वस्तू आहे तशी वापरवत नाही, हे मला मान्य आहे. उद्यमनगरात तुम्ही नळीचा तुकडा नेऊन दिलात तर तासाभरात आटे पाडून मिळतील, तेही कंपनीपेक्षा सुबक. पण शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात विक्री आणि निर्मितीबरोबर ‘दुरुस्ती’ आणि ‘बदल’ हेही शब्द आहेत. ते काम धंदा म्हणून करायला वेगळा परवाना लागतो आणि तुमच्या मित्राकडे तो नाही. सहावं कलम नळी आखूड करण्याविरुद्ध आहे. २०१९ नंतर या दोन्ही कलमांच्या भंगाला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. आठवं कलम बंदुकीवरचा नंबर आणि नाव खोडण्याविरुद्ध. पॉलिश मारताना, नवा निळा मुलामा देताना नंबर पुसट झाला तर ‘साहेब, चुकून झालं’ हे कोण ऐकून घेणार?

बुलेटवाल्यांसाठी एक गंमत. बुलेटचा सायलेन्सर काढला की पोलीस पकडतात आणि बंदुकीला लावला की पकडतात. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत आवाज किंवा जाळ कमी करणारी जोडणी ही स्वतःच ‘अग्निशस्त्र’ आहे. टेक्सासमध्ये नळीच्या तोंडाला आटे पाडून सायलेन्सर लावणं ही हौस असेल, इथे ते रिकामं नळकांडं कपाटात सापडलं तरी पुरे.

मग करता काय येतं? दस्त्याला अळशीचं तेल पाजा. दस्त्याच्या टाचेला रबराची गादी बसवा, खांदा वाचेल. पट्टा लावा, चामड्याचं कव्हर शिवून घ्या. त्यासाठी कोल्हापूरइतकं चांगलं गाव दुसरं सापडणार नाही. लाकूड आणि चामडं यांच्यावर हौस भागवा, लोखंडाला हात लावू नका. लोखंडाचं काही असेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडे पावती घेऊन द्या.

पण बंदूक आपल्या अंगाला बेतून घेण्याची खरी कला बघायची असेल तर ती याच शहरात आहे आणि तिथे ती कायद्यात बसते. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली ती रायफल, किंवा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं ती रायफल जवळून बघा. तिच्यात लाकूड कमी आणि नटबोल्ट जास्त. गाल टेकायची पट्टी मिलिमीटरनं वर-खाली होते. खांद्याकडचा तुकडा पुढे-मागे, तिरका, हवा तसा वळतो, त्याला काखेत अडकणारा आकडा असतो. डाव्या तळव्याखाली उभ्या पवित्र्यासाठी वेगळी बैठक लागते. चाप किती हलका ठेवायचा, तेही ज्याचं त्यानं ठरवायचं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तीन पवित्र्यांसाठी तीच रायफल खेळाडू मिनिटांत बदलून घेतो, पाना हातात धरून, घड्याळ चालू असताना. पुरुषांच्या रायफलला वजनाची मर्यादा आठ किलो. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढं. स्वप्नीलनं अंतिम फेरीतल्या ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण केले. दर गोळीला सरासरी दहाच्या वर, आणि प्रत्येक गोळी हातानं एकेक भरलेली. तिथे खटक्‌-खट् नाही.

तेव्हा सुरुवात दुधाळीच्या शूटिंग रेंजवरून करा. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, दहा मीटरची स्पर्धा त्याच बोअरवर होते. सहा महिने नेम धरा. तरीही लिव्हरची ओढ राहिली, तर परवान्याचा अर्ज करा आणि जुन्या विंचेस्टरच्या शोधाला लागा, बोअर तपासून.

राहता राहिलं ते कुरिअर. बंदुकीचा सुटा भाग हाही कायद्याच्या लेखी बंदूकच आहे आणि आयात परवान्याशिवाय तो देशात आणणं गुन्हा आहे. मोठं कडं म्हणजे तुमच्या दृष्टीनं लोखंडाची एक कडी असेल, कस्टमच्या दृष्टीनं ते लिव्हर ॲक्शनचं अर्धं यंत्र आहे. टेक्सासमध्ये आता पहाट असेल. भाचा उठून पार्सल टाकायच्या आत त्याला फोन करा.