लेकराला लागले तर घड्याळ पाहा

मूल म्हटले की पडणे आले, रडणे आले. गुडघा फुटतो, कोपर खरचटते. आई फुंकर घालते, हळद लावते, आणि मूल पुन्हा अंगणात पळते. अशा लागण्याची चिंता नको. पण काही लागणे निराळे असते. माळवदावरून पडणे, उकळते पाणी अंगावर सांडणे, कडबाकुट्टीत बोट जाणे, मोटारसायकलचा धक्का बसणे. अशा वेळी फुंकर पुरत नाही. तेथे डॉक्टर लागतो, कधी शस्त्रक्रिया लागते, आणि तीही वेळेवर लागते. या धड्यात आपण ती ‘वेळ’ कशी जाते आणि कशी वाचवावी, ते पाहू.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

हे वाक्य दोनदा वाचा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात ते एक लिटरही नसते, पाऊण लिटरच्या आसपास असते. म्हणजे मोठ्या माणसाचे पेलाभर रक्त गेले तर तो सोसतो. मुलाचे तेवढेच गेले तर जिवावर बेतते.

मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. म्हणून उंचावरून पडताना ते डोक्यावर आपटते. त्याच्या बरगड्या लवचिक असतात. त्या मोडत नाहीत, वाकतात. आणि मार आतल्या फुप्फुसाला, काळजाला, पाणथरीला बसतो. वरून काहीच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरा. मोठा माणूस हळूहळू खचतो. मुलाचे शरीर बराच वेळ टिकाव धरते आणि मग एकदम ढासळते. त्यामुळे “आत्ता तर बरं होतं, बोलत होतं” असे म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

आठ तासांचा हिशेब

आता एक हिशेब मांडू. हा हिशेब समजुतीसाठी आहे. गाव कोणतेही धरा.

पाच वर्षांचा मुलगा दुपारी ४ वाजता माळवदावरून पडला. थोडा वेळ रडला, मग गप्प झाला. साडेचारला त्याला उलटी झाली, पुन्हा झाली. आई घाबरली. आजी म्हणाली, “दृष्ट लागली असेल. जरा निजू दे. त्याचा बाप येऊ दे रानातून, मग बघू.”

बाप ६ वाजता आला. तो म्हणाला, “आबांना विचारू.” आबा बाजाराला गेले होते. ते ७ वाजता आले. मग गाडीची शोधाशोध. गाडी मिळाली ८ वाजता.

साडेआठला प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. तेथून ९ वाजता निघाले. पावणेदहाला ग्रामीण रुग्णालय आले. तेथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नाही, असे कळले. साडेदहाला पुन्हा निघाले आणि रात्री १२ वाजता मोठ्या रुग्णालयात पोहोचले.

एकूण किती तास झाले? आठ. रस्त्यावर किती गेले? अर्धा तास, पाऊण तास आणि दीड तास. मिळून पावणेतीन तास. दोन दवाखान्यांत सव्वा तास गेला. उरलेले ४ तास कोठे गेले? घरात. निम्मा वेळ गावाबाहेर पडण्याआधीच गेला!

जाणकार लोक यालाच ‘तीन उशीर’ म्हणतात. पहिला उशीर ठरवण्याचा. दुसरा पोहोचण्याचा. तिसरा, दवाखान्यात गेल्यावर योग्य उपचार मिळण्याचा.

पहिला उशीर आपल्या हातचा

पहिला उशीर बुद्धीच्या कमतरतेने होत नाही. खर्चाची भीती असते. बाईने एकटीने कसे ठरवावे, हा संकोच असतो. म्हणून स्पष्ट सांगतो. लेकरू धोक्यात असेल तर रुग्णवाहिका बोलवायला आईने कुणाची परवानगी घेण्याची गरज नाही. सासू, मामंजी, नवरा यांना मागाहून सांगता येते. गेलेली वेळ मागाहून आणता येत नाही.

धोका कसा ओळखावा? पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी थांबू नका:

१. डोक्याला लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, झटके, किंवा कानानाकातून रक्त वा पाणी येणे.
२. श्वास लागणे, ओठ निळे पडणे, हातपाय गार पडणे.
३. दाबूनही रक्त न थांबणे.
४. पोट फुगणे, कडक होणे, हात लावू न देणे.
५. चेहरा, हात किंवा सांधा भाजणे, अथवा अंगाचा मोठा भाग भाजणे.
६. मोडलेल्या हातापायाची बोटे गार, निळी किंवा बधिर होणे.

गाडी येईपर्यंत काय करावे

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर घट्ट दाबून धरा. सारखे उचलून पाहू नका.

भाजले असेल तर भाजलेल्या जागेवर थंड पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, तेल, शेण काहीही लावू नका. मग स्वच्छ कापड सैलसर झाका. बाकीचे अंग उबदार ठेवा, कारण मूल लवकर गारठते.

उंचावरून पडले असेल तर काखेत धरून ओढू नका. मान आणि पाठ सरळ ठेवून, दोघातिघांनी मिळून फळीवर घ्या.

बोट तुटले असेल तर तुकडा टाकू नका. तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फाला लागू देऊ नका. वेळेत पोहोचल्यास काही वेळा बोट पुन्हा जोडता येते.

आणि मुलाला दूध, पाणी, भाकरी काही देऊ नका. आईला हे जड जाते, ते आम्ही जाणतो. पण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली आणि पोट भरलेले असले, तर पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

हाड मोडले की पुष्कळ लोक हाडवैद्याकडे धावतात. कामट्या लावून करकचून बांधतात. मुलाच्या हाताला सूज येते, बांधणी आवळत जाते, रक्त पुढे जात नाही. मग हात वाकडा होतो, कधी कापावाही लागतो. मोडलेले हाड जुळते. सडलेला हात जुळत नाही. घरून निघताना हात नुसता फळीच्या आधाराने, सैल बांधून न्यावा.

दुसरा उशीर : गाडी आणि रस्ता

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत. फोन करताना गावाचे नाव, जवळची खूण, मुलाचे वय आणि काय झाले एवढे सांगा. फोन लगेच ठेवू नका.

वाडी आडबाजूला असेल, पावसाळ्यात ओढा भरत असेल, तर आधीच ठरवून ठेवा. कोणाची जीप आहे? रात्री चालक कोण? डांबरी रस्त्यापर्यंत झोळी कोण उचलेल? तहान लागल्यावर विहीर खणणे बरे नव्हे.

रस्त्यावर दुसऱ्याचे मूल पडलेले दिसले तर पुष्कळ जण बिचकतात. “नको रे बाबा, पोलिसांचं लचांड मागे लागेल.” ही भीती आता सोडावी. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगितले की आधी जीव वाचवा, कागदपत्रे मागाहून. २०१६ साली त्याच न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांना बळ दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घातले. चांगल्या हेतूने जखमीला उचलून नेणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती नाही.

तिसरा उशीर : दवाखान्यात

दवाखाना गाठला म्हणजे उपचार मिळालेच, असे नसते. मुलाला भूल देणारा डॉक्टर हवा, मुलाच्या मापाच्या नळ्या हव्यात, रक्त हवे. मुलांची शस्त्रक्रिया ही निराळी विद्या आहे. मुंबईत परळला १९२९ साली केवळ मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय सुरू झाले. पण असे तज्ज्ञ शहरात राहतात, आणि मुले गावोगाव पडतात.

ही अडचण एकट्या आपल्या मुलखाची नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की जगातील सुमारे १७० कोटी मुलांना सुरक्षित शस्त्रक्रिया हाताशी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या अहवालात म्हटले होते, की २००४ साली अपघाती इजांनी जगात सुमारे ८ लाख ३० हजार मुले दगावली. त्यांतली शंभरात पंचाण्णवांहून अधिक गरीब व मध्यम देशांतली होती. श्रीमंत देशातली मुलेही पडतात, भाजतात. पण तेथे मदत लवकर पोहोचते.

म्हणून दवाखान्यात धीटपणे विचारा : “इथं मुलाचं ऑपरेशन होतं का? नसेल तर कुठं न्यायचं? तिथं फोन केलात का? चिठ्ठीवर काय दिलं ते लिहिलंत का?” विचारणे म्हणजे भांडणे नव्हे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. २०१७ साली नाव बदलले. २०२३ साली सरकारने ठरवले की कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळावे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. त्याला भेटा. रेशनकार्ड आणि मुलाचा जन्मदाखला किंवा आधारकार्ड घरात एका पिशवीत ठेवा. रस्ते अपघातासाठी केंद्र सरकारने २०२५ साली निराळी योजना काढली. तीत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळतात.

जीव वाचला, पुढे काय?

मूल घरी आले म्हणजे काम संपले नाही. भाजलेला हात व्यायामाविना ठेवला तर कातडे आखडते, बोटे चिकटतात, आणि पुढे पेन्सिलही धरता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली फेरी चुकवू नका. आम्ही शाळेत असताना पाहिले आहे, की अशी मुले लाजून मागच्या बाकावर बसतात आणि एक दिवस येईनाशी होतात. आखडलेल्या हातावरही शस्त्रक्रिया होते. चौकशी करा.

शेवटी एक सांगणे. पहिला उशीर घराने टाळावा. दुसरा आणि तिसरा एकट्या घराला टाळता येत नाहीत. तेथे सारा गाव लागतो. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. तेथे उभे राहा आणि विचारा : ओढ्यावर पूल कधी? रुग्णवाहिका किती वेळात येते? तालुक्याच्या रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर कोणत्या वारी असतो? उत्तर लिहून घ्या. तुम्हाला आता लिहिता येते.

अभ्यास

१. मुलाच्या अंगात रक्त किती असते? त्यामुळे काय धोका होतो?
२. तीन उशीर कोणते? आपल्या गावात सर्वांत मोठा कोणता?
३. भाजल्यावर काय करावे व काय करू नये?
४. मोठ्या अक्षरात १०८ लिहून घरातल्या भिंतीवर लावा. खाली जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि गाडीवाल्याचा फोन लिहा.
५. हा धडा घरातल्या वडील माणसांना मोठ्याने वाचून दाखवा.