नफा कागदावर, मग पैसा कुठं? : रोख प्रवाह पत्रक वाचायला शिकू या



"कारखान्याला नफा झाला म्हणता, मग ऊसबिल का थकलं?" हा प्रश्न सर्वसाधारण सभेत कुणी ना कुणी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. पण बिल नफ्यातून नव्हे, हातातल्या रोखीतून दिले जाते. म्हणून ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक यांच्या जोडीला हे तिसरे पत्रकही समजून घेतले पाहिजे.

या पत्रकात तीन कप्पे असतात.

१) धंद्यातील रोख : साखर व उपपदार्थ विकून आलेला पैसा, ऊसबिल, तोडणी-वाहतूक व पगारात गेलेला पैसा.

२) गुंतवणुकीची रोख : यंत्रसामग्री, इमारत यांची खरेदी किंवा विक्री.

३) अर्थपुरवठ्याची रोख : सभासदांचे भागभांडवल, बँकेचे कर्ज, त्याची परतफेड व व्याज.

आता एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, एका महिन्यात ऊसबिलापोटी १३ कोटी आणि तोडणी-वाहतूक व पगारापोटी ३ कोटी, असे १६ कोटी रुपये गेले. तयार साखरेपैकी निम्मी १० कोटींना विकली. निम्मी गोदामात राहिली, तिची खर्चाने किंमत ८ कोटी. नफा-तोटा पत्रक सांगते, दोन कोटी नफा. रोखीचा हिशेब मात्र निराळा आहे. आले १० कोटी, गेले १६ कोटी. पहिल्या कप्प्यात ६ कोटींची तूट. यंत्रांवर ५० लाख गेले. साखर तारण ठेवून बँकेकडून ७ कोटींचे मालतारण कर्ज घेतले. महिनाअखेर शिल्लक ५० लाखांनी वाढली!

वाढली खरी, पण कर्जाने. ती साखर विकली की आधी बँकेचे देणे भागवावे लागते, मगच उरलेले आपले. नुसती शिल्लक बघणारा फसतो. तीन कप्पे बघणारा फसत नाही.

पूर्वी हे पत्रक तयार करायला हिशेबनिसाला खतावण्या उलगडत बसावे लागे. आता बऱ्याच संस्थांचे हिशेब टॅलीसारख्या संगणक प्रणालीवर असतात. टॅलीतून रोख प्रवाहाचा महिनावार अहवाल निघतो. त्याही पुढे जाऊन, एक छोटा प्रोग्रॅम रोज सकाळी आपोआप टॅलीकडे मागणी पाठवू शकतो : कोणत्या संस्थेचा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा, कोणता अहवाल. उत्तर आले की आकडे तक्त्यात मांडले जातात. त्यासाठी टॅली चालू आणि संस्थेचे खाते उघडलेले हवे. टॅलीचा अहवाल वरच्या तीन कप्प्यांत विभागलेला नसतो. कोणते खाते कोणत्या कप्प्यात, हे हिशेबनिसाने एकदा ठरवून द्यावे लागते.

तरीही तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. यंत्र नोंदलेलेच सांगते. तोडणी-वाहतुकीची देयके चुकती होऊनही नोंदायची राहिली, तर शिल्लक फुगलेली दिसते. म्हणून अहवालाची शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी जुळलीच पाहिजे. दुसरे, मागणीत तारखा नीट घातल्या नाहीत तर भलत्याच मुदतीचे आकडे येतात. तिसरे, ज्या वाटेने आकडे बाहेर येतात, त्याच वाटेने नोंदी आतही घालता येतात. तेव्हा ती वाट कार्यालयाबाहेर उघडी नसावी, आणि प्रोग्रॅम फक्त वाचण्यापुरताच असावा.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे लेखापरीक्षित ताळेबंद व नफा-तोटा पत्रक संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क सभासदाला आहे. तो वापरावा. आणि पुढच्या सभेत "नफा किती?" एवढ्यावर न थांबता असे विचारावे :

– साखर-विक्रीतून रोख किती आली?
– तारण कर्ज किती, आणि गोदामातली किती साखर बँकेकडे अडकली आहे?
– पुढच्या पंधरवड्याच्या ऊसबिलाची तरतूद कशातून होणार?

या तीन प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली, तर आपल्या उसाचे पैसे कधी हातात पडतील, याचा अंदाज ज्याचा त्याला घरबसल्या बांधता येईल.