तिरुवैयारुचे सूर आणि संगणक : चित्रफितींतील ध्वनिदोषांचे निदान

तंजावर शहरापासून सुमारे बारा किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. कर्नाटक संगीतातील थोर वाग्गेयकार संत त्यागराज (१७६७–१८४७) यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ या गावी गेला. तंजावरच्या गादीवर तेव्हा मराठी राजे होते. दुसरे तुळजाराजे, दुसरे सरफोजी आणि दुसरे शिवाजी यांच्या कारकिर्दी त्यागराजांनी पाहिल्या. त्यांची समाधी येथेच नदीकाठी असून बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) यांनी १९२० च्या दशकात स्वतःची मिळकत खर्चून तेथे मंदिर उभारले. दरवर्षी पौष वद्य पंचमीला, त्यागराजांच्या पुण्यतिथीस, शेकडो गायक-वादक समाधीजवळ समोरासमोर रांगांत बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील पंचरत्न कृती एकमुखाने गातात.

या आराधना महोत्सवाचे प्रक्षेपण आकाशवाणी आणि दूरदर्शनने केलेले आहे. त्याशिवाय व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि अलीकडे मोबाइल अशा बदलत्या साधनांवर अशा मैफलींचे खाजगी चित्रण होत आले. ज्यांना प्रत्यक्ष जाता येत नाही, ते विद्यार्थी संगणकावर चित्रफीत लावून कृतींचा अभ्यास करतात. मात्र अनेकदा चित्र स्वच्छ दिसते आणि ध्वनी मुळीच येत नाही. कधी वाद्ये ऐकू येतात पण कंठस्वर हरवतो. कधी मृदंगावर थाप पडल्यानंतर बऱ्याच वेळाने नाद ऐकू येतो. याहून गंभीर दोष सहजी लक्षात येत नाही, तो म्हणजे ध्वनी येतो, पण चुकीच्या पट्टीत. घाईने केलेल्या दुरुस्तीत मूळ फाईलच नष्ट होण्याचा धोकाही असतो. म्हणून ध्वनिदोषाचे निदान क्रमाने करणे आणि ते पूर्ण होईपर्यंत मूळ फाईलला धक्का न लावणे ही दोन पथ्ये महत्त्वाची ठरतात.

दोष यंत्रात की फाईलमध्ये?

पहिली पायरी दोन साध्या चाचण्यांची आहे. ज्या संगणकावर ध्वनी येत नाही, त्यावर पूर्वी व्यवस्थित वाजलेली दुसरी फाईल लावावी. तीही मुकी राहिली तर दोष संगणकाच्या ध्वनिव्यवस्थेत आहे. ती वाजली तर संशयित फाईल दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. तेथे ती नीट वाजल्यास फाईल सुस्थितीत असून पहिल्या संगणकावरील प्लेयर तिचा ध्वनी वाचू शकत नाही, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही ठिकाणी ती मुकी राहिल्यास फाईलची अंतर्गत तपासणी करावी लागते.

संगणकात दोष आढळल्यास सोप्या गोष्टी आधी पाहाव्यात. स्पीकरची वायर योग्य खाचेत आहे का, आवाज बंद तर केलेला नाही ना आणि ध्वनी नेमका कोणत्या उपकरणाकडे जात आहे, हे तपासावे. एचडीएमआय वायरने टीव्ही जोडला असता किंवा ब्लूटूथ हेडफोन एकदा जोडून ठेवला असता संगणक ध्वनी परस्पर तिकडे पाठवतो आणि स्पीकर गप्प राहतात. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची सोयही संगणकात असते. एखाद्या वेळी केवळ चित्रफितीच्या प्लेयरचाच आवाज शून्यावर असतो. हे सर्व पाहिल्यानंतरच साउंड ड्रायव्हर पुन्हा बसवण्याचा विचार करावा.

डबा आणि त्यातील जिन्नस

फाईलच्या नावाअखेरची एव्हीआय, एमपी४ किंवा एमकेव्ही ही अक्षरे केवळ डब्याचे नाव सांगतात. त्या डब्यात चित्राचा एक प्रवाह आणि ध्वनीचे एक वा अनेक प्रवाह ठेवलेले असतात. हे प्रवाह लहान जागेत मावावेत म्हणून ज्या पद्धतीने सांकेतिक स्वरूपात बांधले जातात व वाजवताना पुन्हा सोडवले जातात, तिला कोडेक म्हणतात. एमपी३, एएसी, एसी-३ आणि डीटीएस ही ध्वनीच्या कोडेकची परिचित नावे होत. साहजिकच एकाच एमपी४ नावाच्या दोन फाईलींपैकी एक वाजते आणि दुसरी मुकी राहते, कारण प्लेयरला डबा उघडता येतो, चित्राचा कोडेक उलगडता येतो, परंतु ध्वनीचा कोडेक ठाऊक नसतो. काही कोडेकसाठी परवाना शुल्क द्यावे लागत असल्याने उत्पादक ते आपल्या टीव्ही संचांत वा प्लेयरमध्ये समाविष्ट करत नाहीत, हेही यामागील एक कारण आहे.

अशा वेळी मीडियाइन्फो या विनामूल्य प्रोग्रामने फाईलची अंतर्गत माहिती पाहावी. ध्वनीचा प्रवाह मुळात आहे का, त्याचा कोडेक कोणता, वाहिन्या किती आणि नमुना-वेग किती, हे त्यात कळते. ध्वनीचा प्रवाहच नसेल तर कोणत्याही उपायाने तो निर्माण होणार नाही. फाईल अपुरी उतरवली गेली असल्यास मूळ स्थानाहून पुन्हा आणावी. एकाहून अधिक प्रवाह असतील तर प्लेयरच्या यादीतून योग्य प्रवाह निवडावा. कोडेकची उणीव असल्यास व्हीएलसी हा मुक्त प्लेयर वापरून पाहावा. बहुतेक प्रचलित कोडेक त्याच्या अंगीच असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. अनोळखी ठिकाणाहून ‘कोडेक पॅक’ उतरवून बसवणे मात्र टाळावे, कारण त्यासोबत घातक प्रोग्राम संगणकात शिरण्याची शक्यता असते.

वाद्ये वाजतात, कंठ हरवतो

चित्रपटांच्या फाईलींत ध्वनी अनेकदा सहा वाहिन्यांत विभागलेला असतो. त्यात संवाद आणि मुख्य गायन प्रामुख्याने मधल्या वाहिनीत असते. संगणकाला दोनच स्पीकर जोडलेले असताना त्याची मांडणी मात्र सहा वाहिन्यांची ठेवलेली असेल, तर मधली वाहिनी अस्तित्वात नसलेल्या स्पीकरकडे जाते. परिणामी पार्श्वसंगीत ऐकू येते आणि शब्द लोपतात. ध्वनीच्या मांडणीत ‘स्टिरिओ’ निवडले की सहाही वाहिन्या दोहोंत मिसळल्या जातात आणि दोष नाहीसा होतो.

याच लक्षणाचे दुसरे कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी घडलेले असते. डाव्या व उजव्या वाहिन्यांपैकी एकीची जोडणी उलट झाली, तर एकीतील लहर वर जाते तेव्हा दुसरीतील खाली येते. हेडफोनवर हे फारसे खटकत नाही. परंतु एकच स्पीकर असलेल्या मोबाइलवर दोन्ही वाहिन्यांची बेरीज होते आणि दोहोंत समान असलेला गायकाचा आवाज स्वतःलाच रद्द करतो. ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये एका वाहिनीची लहर उलटी केली की आवाज परत येतो. केवळ मोबाइलवर ऐकून ‘ही फाईल बिघडली’ असा निर्णय घेणे त्यामुळे धोक्याचे आहे.

थाप आधी, नाद नंतर

चित्र आणि ध्वनी यांतील विसंगती दोन प्रकारची असते व दोहोंचे उपाय भिन्न आहेत. मृदंगावरील थाप किंवा श्रोत्यांनी हाताने धरलेला ताल पाहून फितीच्या आरंभी, मध्यावर आणि अखेरीस अंतर तपासावे. अंतर सर्वत्र सारखे असेल तर तेवढाच ध्वनी पुढे-मागे सरकवणे पुरते. व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळा प्रत्येक दाबासरशी ध्वनी ५० मिलिसेकंदांनी सरकवतात. अंतर हळूहळू वाढत असेल तर चित्राचा आणि ध्वनीचा वेगच जुळत नाही. सेकंदाला २९.९७ चित्रांनी घेतलेले चित्रण ३० चित्रांच्या वेगाने धावले, तर एका तासात ३.६ सेकंदांचे अंतर पडते. येथे ध्वनी सरकवून उपयोग होत नाही; वेग दुरुस्त करावा लागतो.

प्रत्येक विलंब फाईलचा दोष असतो असेही नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनपर्यंत तो दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. ब्लूटूथ हेडफोनही ध्वनीला काहीसा उशीर लावतात. म्हणून ही तपासणी वायरने जोडलेल्या हेडफोनवर करावी.

पट्टीचा प्रश्न

संगीताच्या दृष्टीने सर्वाधिक हानिकारक दोष नमुना-वेगाचा आहे. संगणक ध्वनीची लहर दर सेकंदाला ठरावीक वेळा मोजून ते आकडे साठवतो. सीडीसाठी ही संख्या ४४,१०० तर चित्रफितींसाठी सामान्यतः ४८,००० असते. ४४,१०० ने साठवलेला ध्वनी चुकीच्या नोंदीमुळे ४८,००० ने वाजला, तर तो सुमारे ८.८ टक्के जलद धावतो. तासाभराची मैफल ५५ मिनिटांत संपते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. पांढरी पाच या पट्टीत गायलेली कृती काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मध्यावर, म्हणजे हार्मोनियमवर न मिळणाऱ्या पट्टीत ऐकू येते. चित्रपटांबाबतही असे घडते. सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट २५ चित्रांच्या दूरचित्रवाणी पद्धतीत आणताना केवळ वेग वाढवला, तर सूर सुमारे ०.७ अर्धस्वराने चढतो.

सर्व स्वर एकाच प्रमाणात चढत असल्याने राग बदलत नाही आणि म्हणूनच दोष कानातून निसटतो. परंतु गायकाचा मूळ आधारस्वर, त्याच्या आवाजाची जात, कृतीची लय आणि गमकांची गती या सर्वांची चुकीची नोंद होते. जो विद्यार्थी हीच फीत प्रमाण मानून गळा घडवतो, तो त्या कलावंताने कधी न गायलेल्या पट्टीचे आणि लयीचे अनुकरण करत असतो.

दोष ओळखण्याचा एक उपाय विजेच्या गुणगुणीत दडलेला आहे. भारतात वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास असते आणि जुन्या मुद्रणांत तिची बारीक घरघर अनेकदा उतरलेली असते. ऑडॅसिटीमध्ये ध्वनीचे पृथक्करण केल्यावर ही घरघर ५४ हर्ट्झच्या सुमारास दिसली, तर फीत जलद धावत असल्याचा तो सबळ पुरावा होय. मूळ कार्यक्रमाची ज्ञात लांबी आणि चित्रातील हालचालींचा वेग यांच्याशीही तुलना करावी. निदान पक्के झाल्यावर सूर आणि लय दोन्ही एकाच प्रमाणात उतरवावेत. केवळ सूर उतरवल्यास लयीतील चूक तशीच राहते.

दुरुस्ती करताना

काही दोष दुरुस्त होत नाहीत. मुद्रणाच्या वेळीच आवाज क्षमतेबाहेर जाऊन लहरींची टोके छाटली गेली असतील, तर तो फाटलेला आवाज पूर्ववत करता येत नाही. मात्र तडतड आणि खंड संथ पेनड्राइव्हमुळेही येतात. फाईल हार्ड डिस्कवर उतरवून मग वाजवावी.

दुरुस्तीचे काम नेहमी प्रतीवर करावे. डबा बदलणे आणि कोडेक बदलणे यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. एफएफएमपेगसारख्या मुक्त प्रोग्रामने प्रवाह जसाच्या तसा उचलून दुसऱ्या डब्यात ठेवता येतो आणि त्यात गुणवत्तेची हानी होत नाही. कोडेक बदलताना मात्र एमपी३ वा एएसीसारख्या पद्धती दर वेळी काही सूक्ष्म ध्वनी टाकून देतात. तंबोऱ्याच्या झंकारातील उपस्वर अशा वारंवार झालेल्या रूपांतरांत विरून जातात. जुन्या फितींवरून नवे अंकीकरण करताना ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट हे प्रमाण सुचवले आहे. दोन वाहिन्यांच्या एका तासाच्या अशा मुद्रणास सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आजच्या साठवणुकीच्या दरांत हा खर्च नगण्य आहे. मूळ फाईल, दुरुस्त प्रत आणि काय बदलले याची लेखी नोंद, ही तिन्ही एकत्र ठेवावीत.

जतनाची जबाबदारी

या कामासाठी देशात संस्थात्मक पाया उपलब्ध आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राचे राष्ट्रीय सांस्कृतिक दृकश्राव्य अभिलेखागार सांस्कृतिक मुद्रणांचे अंकीय जतन करते. २०१७ मध्ये त्यास विश्वासार्ह अंकीय भांडार म्हणून आयएसओ १६३६३ हे प्रमाणपत्र मिळाले. पुण्यातील सी-डॅकमध्येही अंकीय जतनासाठी विशेष केंद्र उभे राहिले. परंतु असंख्य चित्रफिती सभा-मंडळे, संगीत विद्यालये आणि रसिकांच्या घरी विखुरलेल्या आहेत. तेथवर या संस्थांचा हात पोहोचण्यापूर्वीच अनेक फाईली ‘वाजत नाहीत’ म्हणून पुसल्या जाण्याची भीती असते. संगीत विद्यालयांच्या अभ्यासक्रमात तंबोरा जुळवण्याच्या धड्याबरोबरच फाईलचा नमुना-वेग तपासण्याचा एक धडा समाविष्ट झाल्यास ही हानी बऱ्याच अंशी टळेल.

त्यागराजांच्या कृती शिष्यांच्या कंठांतून आणि वालाजापेट येथील वेंकटरमण भागवतरांसारख्या शिष्यांनी लिहून ठेवलेल्या पोथ्यांतून पुढील पिढ्यांपर्यंत आल्या. पोथी डोळ्यांनी वाचता येते; ध्वनीची फाईल वाचण्यास मात्र योग्य यंत्र आणि योग्य नोंद दोन्ही लागतात. मुकी फाईल पुसून टाकण्याआधी वरील तपासण्यांना अर्धा तास दिला, तर तीतील सूर बहुधा परत मिळवता येतो.