पाड्याचा वांटा

गांवाच्या सुधारणेकरितां सरकारांतून जो पैसा येतो त्यास आपल्याकडे ‘वरून आलेला पैसा’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. हा बोल दिसण्यांत निरुपद्रवी आहे, पण त्यानें पुष्कळ नुकसान केलें आहे. पाऊसहि वरून येतो, आणि त्याचा हिशेब कोणी कोणास विचारीत नाहीं. म्हणून हा पैसा कोठून निघतो, कोणत्या वाटेनें येतो आणि डोंगरांतील पाड्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं कोठें अडतो, एवढ्याचाच विचार आजच्या धड्यांत करावयाचा आहे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजीं देशांत सामूहिक विकास योजना सुरू झाली. विकासगट पडले, गटविकास अधिकारी आले, ग्रामसेवक आले. परंतु पांच वर्षांनीं बळवंतराय मेहता समितीनें पाहणी केली तेव्हां असें आढळलें कीं, योजना सरकारचीच राहिली, ती गांवकऱ्यांची झाली नाहीं. म्हणून निवडून दिलेल्या लोकांच्या हातीं कारभार द्यावा असें ठरलें, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून आपल्या राज्यांत १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या. पुढें ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं अंमलांत आली. तिनें ग्रामसभेस घटनेंत जागा दिली, पंचायतींकडे सोंपवितां येतील असे २९ विषय नोंदविले, आणि केंद्रीय वित्त आयोगास पंचायतींचा विचार करणें भाग पाडलें.

या आयोगाचा निधि म्हणजे दान नव्हे. दुकानांतून साबणाची वडी घेणारी बाईहि कर भरते. त्याच कराचा एक अंश फिरून गांवाकडे येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळांत, म्हणजे २०२१ ते २०२६ या पांच वर्षांत, महाराष्ट्रानें हा निधि असा वांटला: ग्रामपंचायतीस ८० टक्के, पंचायत समितीस १० व जिल्हा परिषदेस १०. शंभरांपैकीं ६० रुपये बंधित होते. त्यांतील अर्धे पिण्याचें पाणी व पावसाचें पाणी सांठविणें याकडे, आणि अर्धे स्वच्छतेकडे. उरलेले ४० गांवाच्या इतर गरजांस, मात्र पगारास नव्हे. जेथें निवडून आलेलें मंडळ नाहीं तेथें हा निधि द्यावयाचा नाहीं, अशीहि अट होती. आणि नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपून तेथें प्रशासक बसला, हें वाचकांस ठाऊक आहेच.

आतां पेठ व सुरगाणा या तालुक्यांकडे पाहूं. पावसाळ्यांत येथें धो धो पाऊस. नार, पार, दमणगंगा या नद्या तें पाणी पश्चिमेस समुद्राकडे घेऊन जातात, आणि एप्रिल उजाडला कीं बायका झऱ्याच्या तळाशीं वाटीनें हंडा भरीत बसतात. दप्तरांत गांव एक. प्रत्यक्षांत पाडे चार-पांच, टेकड्यांवर विखुरलेले. पंचायतीचें कार्यालय मोठ्या पाड्यांत. सभा तेथेंच, आराखडा तेथेंच, आणि काम बहुधा तेथेंच. दूरच्या पाड्यावरील माणूस सभेस येत नाहीं याचें कारण आळस नव्हे. २६ जानेवारीची सभा भरते तेव्हां त्याचें बिऱ्हाड दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस गेलेलें असतें.

यावर कायद्यांत एक वाट आहे, आणि ती आपल्या लोकांस फारशी माहीत नाहीं. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींकरितां संसदेनें १९९६ सालीं वेगळा कायदा केला. त्यास लोक ‘पेसा’ म्हणतात. पेठ व सुरगाणा हे तालुके सबंध या क्षेत्रांत येतात. महाराष्ट्राचे नियम २०१४ सालीं निघाले. त्यांप्रमाणें आपल्या रूढीनें आपला कारभार चालविणारा पाडा, बहुसंख्य मतदारांचा ठराव करून, स्वतंत्र गांव म्हणून जाहीर होण्याकरितां उपविभागीय अधिकाऱ्याकडे मागणी करूं शकतो. तसें जाहीर झालें म्हणजे पाड्यास स्वतःची ग्रामसभा मिळते व स्वतःचा ग्रामसभा कोष मिळतो. शिवाय आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकीं ५ टक्के रक्कम अशा क्षेत्रांतील ग्रामपंचायतींस थेट द्यावी असें राज्यानें २०१५ सालीं ठरविलें. तिचा विनियोग ग्रामसभेनें ठरवावयाचा असतो.

मात्र नुसतें वेगळें झाल्यानें पाड्याचें भलें होईल असें आम्हांस वाटत नाहीं. खातें लिहिणारा व पावत्या जपणारा कोणी नसेल, तर किल्ली पुन्हां मोठ्या पाड्याकडेच जाते. येथें उपदेशक व शिक्षक बंधूंचें खरें काम आहे. सभेपूर्वीं नोटीस निघते, ती फळ्यावर लागली कीं पाड्यावर जाऊन मोठ्यानें वाचावी. नियमित ग्रामसभेआधीं स्त्रियांची सभा झाली पाहिजे असा कायदा आहे. पाण्याचा प्रश्न तेथेंच मांडावा. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो हें सांगावयास नको. हजेरीच्या वहींत अंगठे आधीं घ्यावयाचे आणि ठराव मागाहून लिहावयाचा, ही चाल फार घातक आहे. ठराव वाचून दाखविल्यावांचून कोणीं सही करूं नये.

गांवाचा आराखडा व खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर गांवाच्या नांवानें पाहतां येतो. पाड्यांतील एखाद्या पोराच्या मोबाईलवर तो उघडावा. झऱ्यास बांध घातला असें तेथें लिहिलें असेल, तर झऱ्यापर्यंत चालत जाऊन तो बांध पाहून यावा. त्यास भांडणाची गरज नाहीं. बांध नसलाच तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं साधा अर्ज पुरतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेंहि नाहीं. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवें. अर्जांत ‘सर्व माहिती द्यावी’ असें मोघम लिहूं नये. कोणतें वर्ष, कोणतें काम, आणि त्या कामाच्या मोजमापाची, बिलाची व रोकडवहींतील नोंदीची नक्कल, असें नेमकें लिहावें, व अर्जाची पोंच घेतल्यावांचून कचेरीतून निघूं नये.