तणनाशकाची बाटली

सह्याद्री आणि माथेरानचा डोंगर यांच्यामध्ये कर्जत तालुका वसलेला आहे. त्याच्या दक्षिणेस खालापूर तालुका लागतो. या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. उल्हास, पेज व पाताळगंगा या नद्या येथून वाहतात. भात हे येथील मुख्य पीक होय. कर्जतला 1919 पासून भाताचे संशोधन चालू असून, ‘कर्जत’ हे नाव धारण करणारे अनेक वाण तेथून शेतकऱ्यांच्या हाती गेले आहेत.

भाताबरोबर तणही उगवते. पूर्वी बायामाणसे भर पावसात वाकून बेणणी करीत. आता मजूर मिळणे कठीण झाले आहे. नेरळजवळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्र’ प्रचारात आणले. त्यात गादीवाफ्यांवर भात टोकतात. नांगरणी, चिखलणी व लावणी यांचे कष्ट वाचतात आणि मुळे जमिनीतच राहिल्याने तिचा कस वाढतो. परंतु जे तण नांगराखाली गाडले जाई, त्याचा बंदोबस्त तणनाशकाने करावा लागतो. या तंत्रात आणि इतरत्रही ग्लायफोसेट हे तणनाशक वापरले जाते.

या औषधाच्या एका प्रचलित प्रकारावर ‘ग्लायफोसेट 41 टक्के’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. मग उरलेले 59 टक्के काय असते? बरेचसे पाणी आणि त्यात मिसळलेली साहाय्यक द्रव्ये. या द्रव्यांना ‘निष्क्रिय घटक’ असे नाव पडले आहे.

अळूच्या पानावर पाणी टाकावे, तर ते मोत्यासारखे घरंगळून जाते. पानावरील मेणाचा थर पाण्याला ठरू देत नाही. तणांच्या पानांवरही असाच थर कमीअधिक प्रमाणात असतो. औषधाचा थेंब पानावर पसरावा व आत शिरावा, म्हणून त्यात साबणाच्या जातीचे एक द्रव्य घालतात. पुष्कळ मिश्रणांत ते जनावरांच्या चरबीपासून तयार केलेले असते.

येथेच खरी मेख आहे. ग्लायफोसेट वनस्पतींमधील ज्या क्रियेत अडथळा आणते, ती क्रिया प्राण्यांच्या शरीरात नसते. पसरविणाऱ्या द्रव्याला मात्र असा भेद कळत नाही. पानाचे आवरण भेदणारे हे द्रव्य माशाच्या नाजूक कल्ल्यांनाही इजा करते. 1979 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, नुसत्या ग्लायफोसेटपेक्षा हे साहाय्यक द्रव्य माशांना कितीतरी अधिक घातक आहे. 2005 मध्ये तेथीलच एका प्रयोगात अशा मिश्रणाने बेडकांची बहुतेक सर्व पिल्ले मेली. पुढे 2016 मध्ये युरोपीय संघाने ग्लायफोसेटच्या औषधांत हे चरबीजन्य द्रव्य घालण्यास बंदी केली.

सारांश, ‘निष्क्रिय’ याचा अर्थ एवढाच की, तण मारण्याचे काम त्या घटकाकडे सोपविलेले नाही. तो निरुपद्रवी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. हा गैरसमज टळावा म्हणून 1997 मध्ये अमेरिकन शासनाने त्याऐवजी ‘इतर घटक’ असे लिहिण्याची शिफारस उत्पादकांना केली.

कर्जत-खालापुरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. पेरणीच्या सुमारास तणनाशक फवारतात. त्याच सुमारास पहिल्या पुराबरोबर वलगणीचे मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून भातखाचरांत चढतात. बेडकांची पिल्लेही त्याच पाण्यात वाढतात. गोरगरिबांच्या ताटातले कालवण याच पाण्यावर अवलंबून असते. उल्हासचे पाणी पुढे बदलापूर, कल्याण या शहरांची तहान भागविते.

ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र शासनाने ग्लायफोसेटचा वापर केवळ कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांमार्फतच व्हावा, असा निर्बंध घातला. तथापि कोणतेही तणनाशक हाताळताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. हातमोजे व मुखपट्टी वापरावी. वाऱ्यात किंवा पाऊस येण्याच्या बेतात असताना फवारू नये. ओढ्याकाठची पट्टी सोडून द्यावी. पंप व बाटली वाहत्या पाण्यात कधीही धुऊ नये.

श्रम वाचविणारे साधन शहाण्याने जरूर वापरावे. मात्र बाटलीवरचे ठळक नाव वाचून थांबू नये. उरलेल्या भागात काय आहे, हेही विचारावे.

स्वाध्याय
1. तणनाशकात साबणाच्या जातीचे द्रव्य कशासाठी घालतात?
2. ‘निष्क्रिय’ आणि ‘निरुपद्रवी’ या शब्दांतील फरक स्पष्ट करा.
3. पेरणीच्या सुमारास खाचरातील पाण्याची काळजी का घ्यावी?